दहापैकी किती?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी शाळेच्या जडणघडणीविषयी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ते काम माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मागील अंकांतून माझ्याहून पुष्कळ चांगल्या रीतीने केलेले आहे. मी लिहिणार आहे ते ग्रंथालयाशेजारच्या जुन्या कोठीत मांडलेल्या पूलच्या टेबलाविषयी आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या टेबलावर नेम धरायला शिकू लागलेल्या एका शिक्षकाविषयी. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ते टेबल पाहिलेले नाही. पालकांपैकी काहींनी ते पाहिले आहे आणि त्यांना ते आवडलेले नाही.

त्यांची नाराजी मला समजते. आपल्या तालुक्याच्या गावांतून पूल पार्लर म्हणजे काळ्या काचा, सिगारेटचा धूर आणि पैशांच्या पैजा, असेच चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असते. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने बंद पडलेल्या अशाच एका पार्लरमधून हे टेबल स्वस्तात मिळवून शाळेला दिले, तेव्हा पालक सभेत बराच वाद झाला. एका पालकांनी तर दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्ताचा दाखला दिला. श्रमणाने कोणकोणत्या खेळांपासून दूर राहावे याची एक लांबलचक यादी त्या सुत्तात आहे, हे खरेच. भन्तेजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ती यादी आमच्यासाठी आहे. मुलांना खेळू द्या. पैज तेवढी नको." तेव्हापासून कोठीच्या दारावर एकच नियम लिहिलेला आहे : पैज नाही.

टेबल आठ फुटी आहे. खेळायची जागा आतून अठ्ठ्याऐंशी इंच लांब आणि चव्वेचाळीस इंच रुंद. कापडाखाली स्लेटच्या जड दगडाचा पाट असतो, तो तसूभर जरी कलला तरी हळू मारलेला बॉल वाट सोडतो. गवंडीकाम करणारे एक पालक, सभेत विरोधात बोललेल्यांपैकीच एक, पाणसळ घेऊन आले आणि अर्धा दिवस पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसले. जाताना त्यांनी स्वतः एक बॉल ढकलून पाहिला. तो सरळ गेला. त्यांचा विरोध तिथेच संपला असावा.

मी पहिल्यांदा हातात क्यू घेतली ती मुलांवर देखरेख ठेवण्याच्या निमित्ताने. वसतिगृहात वाढलेल्या माझ्या पिढीचा खेळ म्हणजे कॅरम. स्ट्रायकर, सोंगट्या, बोरिक पावडर आणि 'कट' मारण्याची मिजास. मला वाटले, कॅरमवर ज्याचा नेम आहे त्याचा येथेही असेल. पंधरा मिनिटांत माझा गैरसमज दूर झाला. कॅरममध्ये बोट स्ट्रायकरला थेट भिडते. येथे हातात जवळजवळ पाच फुटांची काठी, तिच्या टोकाला चामड्याची लहानशी टोपी, तिने पांढऱ्या बॉलला मारायचे, त्याने रंगीत बॉलला मारायचे आणि त्या रंगीत बॉलने खिशात जायचे. चूक शिरायला इतक्या जागा, आणि प्रत्येक पायरीवर ती वाढत जाते. एका अंशाची चूक सात फुटांवर सुमारे दीड इंच होते. पांढरा बॉल रंगीत बॉलपासून जितका दूर, तितकी त्याची बारीकशी चूक आदळताना कित्येक पटींनी मोठी होते. खिशाचे तोंड मात्र बॉलच्या दुपटीएवढेच.

नेमाचे तत्त्व सांगायला सोपे आहे. रंगीत बॉल ज्या खिशात घालायचा, त्या खिशापासून बॉलच्या मध्यातून एक रेघ मागे ओढायची. त्या रेघेवर रंगीत बॉलला अगदी चिकटून एक पांढरा बॉल ठेवला आहे अशी कल्पना करायची. आपल्या पांढऱ्या बॉलने बरोबर त्या कल्पनेतल्या बॉलच्या जागी जाऊन पोहोचायचे. इंग्रजी पुस्तकांत याला भुताचा बॉल म्हणतात. आपल्या शाळेत भूत चालत नाही, म्हणून मुलांनी त्याचे नाव 'मनातला बॉल' असे ठेवले आहे. नवशिक्याची चूक अशी की तो रंगीत बॉलवरच्या स्पर्शबिंदूवर नजर रोखतो आणि पांढऱ्या बॉलचा मध्य त्या बिंदूकडे पाठवतो. पण बॉल गोल असतो. तो त्या बिंदूला पोहोचण्याआधीच दुसरीकडे कुठेतरी टेकतो. मध्य पाठवायचा तो मनातल्या बॉलच्या मध्याकडे, म्हणजे रंगीत बॉलच्या मध्यापासून पूर्ण एक बॉल मागे, सव्वादोन इंचांवर.

मुलांना भूमितीने एक गोष्ट चटकन पटली. पांढऱ्या बॉलचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर धरला, म्हणजे अर्धा बॉल अर्ध्यावर आदळला, की रंगीत बॉल तीस अंशांनी वळतो. नववीच्या मुलांनी ते फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून सिद्ध केले. गणिताच्या सरांना त्याचा माझ्याहून अधिक आनंद झाला. त्यांनीच मला सांगितले की ज्या कोरिऑलिसचे नाव वाऱ्यांच्या संदर्भात भूगोलात येते, त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक सबंध ग्रंथ लिहिला होता.

तत्त्व कळले, तरी बॉल जाईनात. मी पहिले तीन महिने नेमाच्या पद्धती बदलत राहिलो. कधी मनातला बॉल, कधी अर्धा-पाव असे भाग, कधी नुसता अंदाज. प्रत्येक नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी मला वाटे, आता जमले. येथे माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे की आठवण हे साधन आहे, पण तिची तपासणी केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. आणि स्वतःच्या नेमाविषयी मात्र मी केवळ आठवणीवर मत बनवत होतो. गेलेले बॉल लक्षात राहत, चुकलेले विसरले जात. म्हणून मी दोनशे पानी वही आणली. वहीत लावायच्या कागदाच्या भोकांना बळकटी देण्यासाठी जी चिकट कडी मिळतात, ती कापडावर चिकटवून दोन्ही बॉलच्या जागा पक्क्या केल्या. एकच फटका दहा वेळा मारायचा आणि लिहायचे : दहापैकी किती, आणि चुकले ते कोणत्या बाजूला.

पहिल्या पंधरवड्याची सरासरी दहापैकी चार निघाली. पद्धत कोणतीही असो, चारच.

मग मी कोनच काढून टाकला. पांढरा बॉल, रंगीत बॉल आणि कोपऱ्याचा खिसा, तिन्ही एका सरळ रेषेत. येथे मनातला बॉल शोधायचा प्रश्नच नव्हता; समोर पाहायचे आणि सरळ मारायचे. तरीही दहापैकी पाच. आणि चुकलेल्या पाचपैकी पाचही डावीकडे. दुसऱ्या दिवशीही डावीकडे, तिसऱ्या दिवशीही. ज्याचा नेम कच्चा असतो, त्याचे बॉल दोन्ही बाजूंना चुकतात. माझे एकाच बाजूला चुकत होते, म्हणजे मी दर वेळी तीच एक चूक करत होतो. बॉलचा यात काही दोष नव्हता. मी जेथे पाहतो असे मला वाटत होते, तेथे माझी काठी जात नव्हती.

त्या संध्याकाळी कोठीत एकटा बसलो असताना मला आबांची आठवण आली. ती आधी यायला हवी होती.

आमचे आबा विदर्भातील छावणीच्या एका गावात साहेबलोकांच्या क्लबात बिलियर्ड्सच्या टेबलावर मार्कर होते. मार्कर म्हणजे खेळाडूंचे गुण मोजून लाकडी तक्त्यावर लावणारा, बॉल उचलून जागेवर ठेवणारा, लांबच्या फटक्यासाठी टेकण देणारा, क्यूंच्या टोपण्या बदलणारा आणि सकाळी टेबलाचे कापड घासून त्यावरून जड इस्त्री फिरवणारा नोकर. १९५६ साली दीक्षाभूमीवर आजोबांसोबत गेलेले आबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १९५८ साली, ते त्या क्लबात लागले. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. एखाद्या खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. आबांच्या बोलण्यात ते नेहमी 'जोन्ससाहेब' असत. १९६४ साली त्यांनी न्यूझीलंडमध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले, तेव्हा आबांनी घरी जिलेबी आणली होती, असे आई सांगे.

हा खेळ आपल्या देशात सैनिकी छावण्यांच्या आणि क्लबांच्या आडाने वाढला. स्नूकर तर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने रचला, असे मानले जाते. बॉल पूर्वी हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले असे मोजकेच निघत. हस्तिदंताला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड पुढे आणले आणि प्लॅस्टिकच्या युगाची ती एक सुरुवात ठरली. मेसमध्ये, क्लबात बॉल कोण पुसत होते, कापड कोण घासत होते, हे मात्र मी वाचलेल्या पुस्तकांत नाही. आबांच्या क्लबाच्या दिवाणखान्यात विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेला फलक होता. तो मी लहानपणी एकदाच, दारातून पाहिला आहे.

आबा खेळतही. सोबतीला कोणी नसले की सभासद मार्करला खेळायला बोलावत. त्या खेळात केव्हा हरायचे हे कळणे, हाही नोकरीचाच भाग होता. त्यांचा स्वतःचा खेळ सकाळचा, इस्त्री झाल्यानंतर आणि पहिली मोटार फाटकात शिरण्याआधीच्या पाव तासाचा. त्या पाव तासात ते बॉल खिशात घालत नसत. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध ठेवून समोरच्या कडेवर असा मारायचा की तो त्याच वाटेने परत येऊन क्यूच्या टोकाला टेकला पाहिजे. बस्, एवढेच. त्याला ते 'जाऊन-येऊन' म्हणत. हाताने जरा बगल दिली, तर बॉल फिरकी घेऊन येतो आणि टोकाला चुकवून निघून जातो.

हे सर्व मला ठाऊक होते आणि तरी मी ते बाजूला ठेवले होते, याचे कारण मी लिहिले पाहिजे. आठवीत मी एका वसतिगृहात होतो. ते आपले नव्हे. वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "क्लबात हिशेब लिहितात." अक्षरशः पाहिले तर ते खोटे नव्हते. एका रविवारी आबा मला भेटायला आले ते कामावरून थेट, पांढऱ्या गणवेशात, पितळी बटणे लावलेल्या. मुले पाहत होती. मी त्यांना फाटकातूनच बाहेर वळवले आणि रस्त्यापलीकडच्या चिंचेमागे नेऊन तेथे बोललो. आबांनी आणलेला चिवडा दिला, अभ्यासाचे विचारले आणि ते गेले. पुढच्या खेपेस आले ते साध्या सदऱ्यात. गणवेश कापडी पिशवीत होता. वरून एक बटण दिसत होते. यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. २००९ साली ते गेले.

कोठीत मला आठवले ते त्याच्याही आधीचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. घरी जुना कॅरम होता. माझा स्ट्रायकर सारखा एका बाजूला जाई आणि मी चिडे. आबा म्हणाले, "बोटानं दाराची कडी दाखव." मी दाखवली. त्यांनी तळहाताने माझा उजवा डोळा झाकला. बोट कडीवरच होते. मग त्यांनी डावा झाकला आणि बोट कडीवरून सरकून चौकटीवर गेले. मला ती जादू वाटली. आबा म्हणाले, "तुहा डावा डोया मालक हाय. दुसरा निस्ता चाकर. मालकाले विचारून मार."

दोन डोळ्यांपैकी एक नेम धरताना वरचढ असतो, हे मी नंतर पुस्तकांत वाचले. माझा डावा वरचढ, आणि मी उजव्या हाताचा. टेबलावर वाकताना मी क्यू उजव्या डोळ्याखाली आणत होतो. मालकाला न विचारता मारत होतो. उठलो आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याकडे बोट करून एकेक डोळा मिटून पाहिले. पन्नास वर्षांनंतरही बोट तसेच सरकले.

क्यू डाव्या डोळ्याखाली आणणे ऐकायला सोपे आहे. मान वळवावी लागते, उभे राहण्याची जागा बदलावी लागते आणि सारे शरीर कुरकुरते. त्यात माझा दुहेरी भिंगांचा चष्मा. वाकले की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते आणि समोर चष्म्याची दांडी येते. डेनिस टेलर या खेळाडूने खास उंच भिंगांचा, उलटा वाटणारा चष्मा लावून १९८५ सालचे स्नूकरचे जागतिक विजेतेपद शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकले होते. मी दूरच्या नजरेचा जुना रुंद चष्मा शोधून काढला. मुले हसली, हसू द्यावे. पहिला महिना आकडा उलट घसरला, दहापैकी तीनवर आला. वही नसती तर मी तेव्हाच जुन्या सवयीकडे परतलो असतो. पण वहीत दिसत होते की आता चुकलेले बॉल दोन्ही बाजूंना जात आहेत. जुनी चूक मोडली होती, नवी सवय बसायची होती.

रोज आधी जाऊन-येऊन वीस वेळा, मग सरळ फटका दहा वेळा, मग अर्ध्या बॉलचा कोन. मारल्यावर जागचे उठायचे नाही; बॉल थांबेपर्यंत क्यू जेथे गेली तेथेच ठेवायची आणि ती कोठे पोहोचली ते पाहायचे. उठून पाहणाऱ्याला आपला हात कोठे गेला हे कधीच कळत नाही. आता सरळ फटक्यात माझे दहापैकी आठ जातात. कोनात सहा. या वयाला ठीक आहे.

मुलींचे वार मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. नववीतील एक मुलगी, वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबातली, माझ्याहून खूपच बरी खेळते. तिने माझी वही पाहून स्वतःची केली. दहापैकी आठ झाल्याशिवाय ती पुढच्या फटक्याला हात लावत नाही. गेल्या उन्हाळ्यात तिने एक तक्रार केली : "सर, सकाळी जातात ते बॉल संध्याकाळी जाड लागतात." मी म्हणालो, दमल्यामुळे असेल. तिला ते पटले नाही. तिने ओल्या फडक्याने बॉल पुसून कोरडे केले आणि दहा मारले, मग न पुसलेल्या बॉलने दहा. पुसलेले सात, न पुसलेले चार. तिचेच बरोबर होते. बॉलवर धूळ बसली की आदळताना ते एकमेकांना क्षणभर घासत ओढतात आणि रंगीत बॉल हवा तेवढा वळत नाही. हळू मारले तर हे अधिकच जाणवते. आबा दर डावाआधी बॉल पुसत असत. मी ती चाकरी समजत होतो.

मागच्या महिन्यात ती माझी वही चाळत होती. पहिल्या पानावर मी जाऊन-येऊनची कृती लिहून तिच्यापुढे आबांचे नाव लिहिलेले आहे. तिने विचारले, "सर, आबांचे दहापैकी किती येत होते?"

मी सांगितले, त्यांनी लिहून ठेवले नाही. ते दुसऱ्यांचे लिहीत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मारा. मी लिहिते." मी चष्मा बदलला, पांढरा बॉल पुसला आणि मधोमध ठेवला. दहापैकी सहा वेळा तो परत येऊन क्यूच्या टोकाला टेकला. सातव्यांदा टेकला असे मला वाटले. ती म्हणाली, "नाही सर, दोराभर बाजूला होता," आणि वहीत सहा लिहिले.